आधी वजने, मग काटा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की, काडतुसे स्वतः पुन्हा भरणाऱ्यांची निम्मी भांडणे पावडरीवरून सुरू होतात आणि काट्यापाशी येऊन मिटतात. त्यावर पत्रे आली, आणि बरीचशी एकाच वळणाची: कोणता काटा घेऊ? मी नोकरीभर एका कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत दुसऱ्यांची वजने तपासली आणि सुट्टीच्या दिवशी कागदी लक्ष्यावर रायफल चालवली, म्हणून या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी भिडता येते. एवढे गृहीत धरते की, लिहिणाऱ्या सगळ्यांकडे आपापल्या ठिकाणचा रीतसर परवाना आहे. तो नसेल तर काट्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न: ताई, माझ्याकडे दांडीचा जुना काटा आहे आणि नुकताच इलेक्ट्रॉनिक घेतला. एकच पावडर दांडीवर २४.० ग्रेन भरते, तर इलेक्ट्रॉनिकवर २४.३०. नवा काटा आकडा दशांशाच्या दोन घरांपर्यंत दाखवतो, म्हणजे तोच खरा मानायचा ना?

नाही. जुनाही मानायचा नाही. दोन साक्षीदार वेगवेगळे बोलत असतील तर जो जास्त बारकाईने बोलतो तो खरा, असे कोणी म्हणत नाही. इथे मात्र सगळे तसेच म्हणतात.

पडद्यावर किती घरे दिसतात, हा त्या पडद्याचा गुण. काटा खरे बोलतो का, हा निराळा प्रश्न. आणि तीच वस्तू दहा वेळा ठेवली तर दहाही वेळा तेच बोलतो का, हा तिसरा. तुमच्या कामात तिसरा प्रश्न पहिला विचारायचा. नेहमी ०.३ ने जास्त दाखवणारा काटा मला चालेल, कारण ते ०.३ मी वजा करीन. कधी ०.३ जास्त आणि कधी ०.१ कमी दाखवणाऱ्या काट्याचे काय करणार?

तेव्हा तिसरा साक्षीदार आणा, आणि तो असा आणा की ज्याचे वजन आधीच ठाऊक आहे. एक ग्रेन म्हणजे ६४.७९८९१ मिलिग्रॅम. ही व्याख्याच आहे, त्यात मागेपुढे काही नाही. उलट बाजूने १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. आता १ ग्रॅम, ५०० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅम आणि ५ मिलिग्रॅम अशी चार वजने एकत्र ठेवा. झाले १.५५५ ग्रॅम, म्हणजे २३.९९७ ग्रेन. तुम्हाला ज्या २४ ग्रेनची शंका आहे, नेमके तिथेच बोट ठेवता येते. दोन्ही काट्यांवर आळीपाळीने पाच-पाच वेळा ठेवा, प्रत्येक वेळी उचलून पुन्हा ठेवा आणि आकडे कागदावर लिहा. मनात ठेवू नका, मन आपल्याला हवा तो आकडा लक्षात ठेवते.

वजने घेताना दर्जा विचारा. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या वर्गवारीत एम१ दर्जाच्या १ ग्रॅमच्या वजनाला १ मिलिग्रॅमपर्यंत चूक माफ आहे, एफ१ ला ०.१ मिलिग्रॅम. वरची चार वजने एम१ ची असतील आणि चौघांचीही चूक एकाच बाजूला गेली, तरी ती मिळून २.४ मिलिग्रॅम होते, म्हणजे ०.०४ ग्रेनच्याही आत. दशांश ग्रेनच्या कामाला एम१ पुरते. काटा ०.०२ ग्रेन दाखवणारा असेल आणि त्यावर तुमचा जीव जडला असेल तर मात्र एफ१ घ्या. नाहीतर वजनाची चूक आणि काट्याची चूक यांची खिचडी होईल.

वजने चिमट्याने उचला. प्रयोगशाळेत नवीन आलेली मुले सुरुवातीला या नियमाला हसत. मग मी ५ मिलिग्रॅमचे पानासारखे पातळ वजन त्यांच्याच बोटांनी उचलायला लावायची. उचलताना ते वाकायचे, बोटाला चिकटून यायचे, एकदा तर टेबलाखाली गेले ते संध्याकाळी झाडूत सापडले. हसणे तिथेच थांबे.

प्रश्न: पण काट्याबरोबर ५० ग्रॅमचे कॅलिब्रेशनचे वजन आलेच आहे. तेवढे पुरे नाही का? (वरच्याच वाचकांचे दुसरे पत्र)

ते वजन काट्याला पल्ल्याचे दुसरे टोक दाखवण्यासाठी असते. ५० ग्रॅम म्हणजे ७७१ ग्रेनहून जास्त. तुम्ही मोजता २४. म्हणजे शून्यावर खूण केली, पार पलीकडच्या टोकावर खूण केली आणि मधली रेघ सरळच असणार असे धरून चाललात. चांगल्या काट्यात ती बरीचशी सरळ असते. स्वस्तातल्या काट्यात मधे पोट येते. ते पोट नेमके तुमच्या २४ वर आहे का, हे ५० ग्रॅमचे वजन सांगू शकत नाही. म्हणून कॅलिब्रेशन त्या वजनाने करा आणि खात्री स्वतःच्या कामाच्या आकड्यापाशी करा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक. इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजत नाही, पृथ्वी ती वस्तू किती जोराने खाली ओढते ते मोजतो. ही ओढ विषुववृत्तावर ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. कारखान्यात कॅलिब्रेट होऊन अक्षांश ओलांडत आलेला काटा २४ ग्रेनवर दशांशभर चुकू शकतो, तेही त्याचा काही दोष नसताना. खोक्यातून काढल्यावर पहिले काम तुमच्या टेबलावरचे कॅलिब्रेशन, ते याचसाठी. दांडीच्या काट्याला ही कटकट नाही. ओढ बदलली तरी दोन्ही बाजूंना सारखीच बदलते.

प्रश्न: मी या छंदात नवी आहे. पहिलाच काटा घ्यायचा आहे. दांडीचा की इलेक्ट्रॉनिक?

पहिलाच असेल तर दांडीचा घ्या, असे माझे मत. इलेक्ट्रॉनिक वाईट म्हणून नव्हे. दांडीचा काटा बिघडला तर बिघडलेला दिसतो. इलेक्ट्रॉनिक बिघडला तरी तितक्याच आत्मविश्वासाने आकडा दाखवतो.

दुकानात किंवा घरी आल्यावर तीन गोष्टी बघा. काटा सपाट जागी ठेवून, त्याच्या पायाचा स्क्रू फिरवून शून्यावर आणा. पारडे उचला, ठेवा, असे दहा वेळा करा. काटा दर वेळी त्याच रेघेवर थांबायला हवा. मग रिकाम्या पारड्यात ५ मिलिग्रॅमचे वजन टाका. ते ०.०८ ग्रेन भरते, तेवढ्याने काटा डोळ्यांना दिसेल इतका हलला पाहिजे. हलला नाही तर दांडी जिथे धारेवर टेकते तिथे घाण तरी आहे किंवा धार बोथट तरी झाली आहे. तिसरी गोष्ट, दांडी झोके घेत असताना ती आपसूक आणि सावकाश थांबते का ते बघा. मधेच अडखळली तर काहीतरी घासते आहे.

झोके थांबवण्याची युक्ती मोठी सुरेख आहे. दांडीच्या टोकाला तांब्याची पट्टी असते आणि ती दोन चुंबकांच्या मधून जाते. पट्टी हलली की तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि हालचालीला विरोध करतात. पट्टी थांबली की विरोधही संपला. म्हणून ब्रेक तर लागतो, पण काटा कुठे थांबायचे यात चुंबक लुडबुड करत नाही. मात्र त्या फटीत लोखंडाचा कीस गेला तर तो चुंबकाला चिकटून पट्टीला घासतो. काट्याच्या जवळ कानस चालवू नका. आणि कृपा करून धारेवर तेल घालू नका! ‘सुरळीत चालावा म्हणून’ तेल घातलेले काटे माझ्याकडे आले आहेत. तेलावर धूळ बसते आणि काटा सुस्तावतो. मऊ कोरडा ब्रश फिरवा, बस्स.

आकडा वाचताना डोळा काट्याच्या पातळीत आणा. उभ्याने वरून बघाल तर रेघ सरकलेली दिसेल. माझी मान आता तेवढी वाकत नाही, म्हणून मी फोनचा कॅमेरा रेघेसमोर एका ठोकळ्यावर बसवून पडद्यावर बघते. हे इलेक्ट्रॉनिक काट्याशेजारी करू नका, फोनच्या लहरींनी काही काट्यांचे आकडे नाचतात.

आता दांडीच्या काट्याचा खरा धोका सांगते, कारण तो मी स्वतः करून बसले आहे. माझ्या काट्यावर मोठे सरकते वजन खाचांवर बसते, एक खाच म्हणजे ५ ग्रेन. छोटे वजन दशांशाचे. एका संध्याकाळी काटा पुसताना मोठे वजन एक खाच पुढे गेले. छोटे जागच्या जागी होते आणि माझी नजर छोट्यावरच होती, कारण जपायचे ते दशांशाला, असे डोक्यात बसलेले. काटा बरोबर शून्यावर थांबत होता, हात सराईतपणे चालत होते. फळीवरच्या केसमध्ये (काडतुसाच्या रिकाम्या नळीत) टॉर्च मारून बघितले तेव्हा शेवटच्या ओळीतली पावडर केसच्या तोंडाशी आलेली, आधीच्या ओळींतली बरीच खाली. सगळी फळी रिकामी करून पुन्हा सुरू केले. दशांशाची काळजी करता करता पाच ग्रेन नजरेतून सुटले होते. त्यानंतर मी मोठे वजन खाचेत बसले की त्यावर कागदी चिकटपट्टी लावते, आणि दर दहा केसनंतर ओळखीचे वजन पारड्यात टाकून बघते.

गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारायचीच. एकाच केसमध्ये चुकून दोनदा पावडर पडली तर जगातला कोणताही काटा ते सांगणार नाही. त्याने दोन्ही वेळा बरोबरच मोजलेले असते.

प्रश्न: माझा इलेक्ट्रॉनिक काटा सकाळी बरोबर असतो आणि अर्ध्या तासाने भटकायला लागतो. शून्य राहत नाही. ट्रिकलरने (पावडर दाण्यादाण्याने सोडणाऱ्या नळीने) एकेक दाणा सोडताना तर कधी कधी आकडा हलतच नाही, मग एकदम उडी मारतो. काटा खराब आहे का?

बहुतेक नाही. त्यात काय चालले आहे ते कळले की त्याच्याशी जमवून घेता येते.

तुमच्या काट्यात अ‍ॅल्युमिनियमची छोटी दांडी असते. तिच्यावर वळणावळणाच्या बारीक तारेसारख्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. वजन पडले की दांडी डोळ्याला न दिसण्याइतकी वाकते, पट्ट्या ताणल्या जातात आणि त्यांचा विद्युतरोध किंचित बदलतो. तो बदल मोजून आकडा तयार होतो. पण रोध तापमानानेही बदलतो. काट्याचे स्वतःचे सर्किट चालू झाल्यावर तापते, आणि तापेपर्यंत शून्य सरकत राहते. म्हणून काटा चालू करून अर्धा तास तसाच ठेवा, मगच कॅलिब्रेट करा. तुम्ही सकाळी चालू केल्याबरोबर शून्य लावत असाल, म्हणून अर्ध्या तासाने तो ‘भटकतो’. तो भटकत नाही, तो आता कुठे जागेवर आला आहे.

न हलणाऱ्या आकड्याचे कारण वेगळे. शून्य सरकत राहते हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून अगदी छोटा आणि सावकाश होणारा बदल दिसला की काटा तो ‘सरकणे’ समजून गिळून टाकतो. लांबट पावडरीच्या एका दाण्याचे वजन साधारण ०.०२ ग्रेन. तुम्ही एकेक दाणा सोडता आणि काटा तो प्रामाणिकपणे पुसून टाकतो. पारड्यात चार-पाच दाणे जास्त झाल्यावर त्याला शंका येते आणि आकडा उडी मारतो. उपाय असा की, शेवटच्या दाण्यांनंतर पारडे उचलायचे, रिकाम्या काट्यावर दिसणारा उणे आकडा बघायचा आणि पारडे पुन्हा ठेवायचे. आता जे दिसेल ते वजन.

तो उणे आकडा फार कामाचा आहे. सुरुवातीला पारडे ठेवून शून्य केले आणि पारडे उचलले की काटा, समजा, उणे १४८.६ दाखवतो. तो कागदावर लिहून समोर चिकटवा. प्रत्येक वेळी पारडे उचलल्यावर तोच आकडा दिसला पाहिजे. उणे १४८.४ दिसला तर काटा सरकला, पुन्हा शून्य करा. यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, पारडे तर तुम्ही उचलताच.

बाकी नेहमीचे संशयित: पंखा, उघडी खिडकी, टेबलाला टेकलेली तुमचीच कोपरे. श्वाससुद्धा. आणि स्थिर वीज. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या पारड्याला दाणे चिकटतात ते तुम्हाला दिसते, पण तेच विद्युतभारित पारडे काट्याच्या झाकणालाही ओढते आणि आकडा बदलतो, ते दिसत नाही. धातूचे पारडे घ्या.

हे सगळे नको असेल तर विद्युतचुंबकीय बलाने तोलणारे काटे मिळतात. त्यात दांडी वाकत नाही. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडून पारडे जागच्या जागी धरले जाते आणि त्याला किती प्रवाह लागला ते मोजले जाते. प्रयोगशाळेत आम्ही हेच वापरायचो. झपकन स्थिर होतात आणि एक दाणा टाकला तरी तो मोजतात. पण वारा आणि स्थिर वीज त्यांनाही लागतेच, आणि महाग काटा आहे म्हणून खात्रीची वजने घ्यायची नाहीत असे होत नाही.

प्रश्न: सोन्याचांदीसाठी मिळणारा खिशातला काटा चालेल का? ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो.

०.०१ ग्रॅम म्हणजे ०.१५ ग्रेन. त्याच्या एका पायरीतच तुमचा दशांश बुडाला, मग त्यावर ग्रेनचे बटण असो वा नसो. निदान ०.००१ ग्रॅमचा हवा. तो घेताना एकूण क्षमता बघा. काहींची २० ग्रॅमच असते आणि त्यातला बराच भाग धातूचे पारडेच खाऊन टाकते.

प्रश्न: पिस्तुलासाठी भरतो. पावडर मापानेच टाकतो, तोलत नाही. दशांश ग्रेनने असा काय फरक पडतो?

पडतो, आणि पिस्तुलातच जास्त पडतो. ४० ग्रेनच्या भरणीत, म्हणजे एका केसमध्ये जाणाऱ्या पावडरीत, ०.१ म्हणजे पाव टक्का. ४ ग्रेनच्या भरणीत तोच ०.१ अडीच टक्के. रायफलवाले काट्याचे कौतुक करत बसतात, पण त्याची खरी गरज छोट्या केसवाल्यांना आहे.

माप टाकायला हरकत नाही. गोल दाण्याची पावडर मापातून पाण्यासारखी पडते. लांबट दाणे मात्र मापाच्या कडेवर अडकतात, कापले जातात, आणि भरणी कमीजास्त होते. पण माप आकारमान जाणते, वजन नव्हे. पावडरीचा डबा बदलला, डब्यातली पातळी खाली गेली, तुमचा हात दांडा जोरात आपटायला लागला, की वजन बदलते. माप लावल्यावर पहिल्या दहा भरण्या टाकून द्यायच्या नाहीत, तोलायच्या. दहा एकत्र तोलून दहाने भागले तर सरासरी कळते, पण एखादीच उनाड असेल तर ती सरासरीत लपते, म्हणून सुट्या तोला. नंतर दर दहा-वीस भरण्यांनी एक. आकडे माहितीपुस्तिकेतलेच वापरा, कमाल भरणीपासून सुरुवात न करता दहा टक्के खालून वर चढा, आणि टेबलावर एका वेळी एकाच पावडरीचा डबा ठेवा.

प्रश्न: आपोआप पावडर टाकणारे यंत्र घेतले. त्यात काटा आतच आहे. आता वेगळा काटा विकून टाकू का?

नको. यंत्र स्वतः टाकते आणि स्वतःच तपासते. अधूनमधून त्याने टाकलेली भरणी दुसऱ्या काट्यावर ठेवा.

प्रश्न: खात्रीची वजने घेईपर्यंत काय करू? डब्यावर गोळीचे वजन छापलेलेच असते, ती गोळी ठेवून काटा तपासला तर?

छापलेल्या आकड्यावर काटा लावू नका. डब्यावर ५५ ग्रेन लिहिलेल्या गोळ्या सुट्या तोलून बघा, दशांशाने इकडेतिकडे निघतील. पण एकच गोळी निवडून बाजूला ठेवली तर ती साक्षीदार म्हणून चालते. तिचे खरे वजन ठाऊक नसले तरी ती रोज तेवढीच भरते. काटा आज आणि कालमध्ये सरकला का, एवढे ती सांगते. खरे बोलतो का, हे सांगत नाही.

माझी अशी गोळी एका छोट्या डबीत कापसात आहे. हाताने धरायची नाही, तिने कुठेही घासायचे नाही आणि तिला चुकून केसमध्ये बसवायचे नाही, म्हणून टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. ठिपका दिल्यावर पुन्हा तोलून डबीवर लिहिले, कारण नेलपॉलिशलाही वजन असते. तुम्ही दिलात तर वाळल्यावर तोला, ओले असताना नको.